कोटाच्या आतला रंग : अस्तराचा एक छोटा इतिहास

१/
सूट शिवायला टाकताना गिऱ्हाइकाचा सारा वेळ बाहेरच्या कापडावर जातो. निळा किती गडद असावा, रेघ असावी की नसावी, बटणे दोन की तीन. हे सगळे ठरले, की मापाची वही मिटता मिटता शिंपी विचारतो, "अस्तर कसं घालू? मॅचिंग की कॉन्ट्रास्ट?" बहुतेक जण "मॅचिंगच घाला" म्हणून मोकळे होतात. एखादा मात्र घुटमळतो. निळ्याच्या आत मरून? राखाडीच्या आत जांभळे? जे सहसा कोणाला दिसणार नाही, त्याचा रंग निवडायचा तरी कोणासाठी?

प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु कोणाच्या अंगावर कोणता रंग दिसावा आणि कोणता दडावा, यावरून एके काळी घरादाराची जप्ती झाली आहे आणि माणसे तुरुंगात मेली आहेत. आजचा धागा त्या दडलेल्या रंगाविषयी.

२/
आधी शब्द. 'अस्तर' मराठीत आला तो फारसीतून. तिथे कपड्याच्या बाहेरच्या पदराला 'अब्रा' आणि आतल्याला 'अस्तर' म्हणत. अब्रा मागे पडला. अस्तर मात्र मराठीत असा रुजला की भिंतीच्या गिलाव्यालाही अस्तर असते आणि पाटबंधारे खाते कालव्याचे 'अस्तरीकरण' करते. महाराष्ट्रातल्या घरांत तर अस्तराच्या रंगाचा निर्णय सूटवाल्यांपेक्षा ब्लाउज शिवणाऱ्या स्त्रियांनी कितीतरी अधिक वेळा घेतला आहे. मॅचिंग सेंटरच्या फळ्यांवर रचलेले दोनशे-अडीचशे रंगांचे तागे हा या निर्णयाचाच बाजार.

३/
कोटाला अस्तर लागते ते मुळात शोभेसाठी नव्हे. कोटाच्या पोटात बराच पसारा असतो: छातीला आकार देणारा कॅनव्हास, खांद्याचे पॅड, खिशांच्या पिशव्या, आणि पुढे-मागे अंग सुटले तर उसवता यावे म्हणून शिंप्याने शिवणीत सोडलेली माया. अस्तर हे सारे झाकते. लोकरी कापड शर्टावर अडते, गुळगुळीत अस्तरामुळे हात बाहीत सरकन जातो. घाम आधी अस्तर पिते आणि बाहेरचे कापड वाचते.

जुन्या इंग्रजी धर्तीच्या कोटांत अंगाचे अस्तर गडद, पण बाहीचे पांढरट आणि त्यावर बारीक रेघा, अशी रीत दिसते. तिचे कारण असे सांगतात, की घामाने गडद रंग सुटला तर पहिला बळी शर्टाच्या बाहीचा जाणार. म्हणजे रंगाचा पहिला विचार झाला तो धोब्याच्या बाजूने. सौंदर्यदृष्टी मागाहून आली.

४/
परंतु कपड्याची आतली बाजू ही केवळ सोयीची बाब कधीच राहिली नाही. तिच्यावर धर्माने हक्क सांगितला, सैन्याने सांगितला आणि राजसत्तेनेही सांगितला. प्रत्येकाने आत-बाहेरचे कोडे वेगळ्या रीतीने सोडवले.

धर्माचे उदाहरण मराठवाड्यातच सापडते. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हिमरू आणि मशरू या दोन कापडांसाठी नावाजलेले. 'मशरू' या अरबी शब्दाचा अर्थ शास्त्राला संमत असलेले. मुस्लीम पुरुषाने निव्वळ रेशीम अंगाला लावू नये, असा धार्मिक संकेत होता. विणकरांनी तोड काढली ती अशी: ताणा रेशमाचा, बाणा सुताचा आणि वीण साटीनची. वरून पाहावे तर झळझळीत रेशीम, अंगाला लागते ते साधे सूत. येथे वेगळे अस्तर जोडावेच लागत नाही. एकाच कापडाची एक बाजू दरबारासाठी आणि दुसरी ईश्वरासाठी. आत नियम पाळलेला आहे, म्हणून बाहेर ऐश्वर्याला मोकळीक.

५/
सैन्याने नेमके उलटे केले. त्याने अस्तर बाहेर काढले.

सतराव्या-अठराव्या शतकातला इंग्रज शिपाई म्हटला की लाल कोट डोळ्यांपुढे येतो. सारीच फौज लाल असली तर धुराने भरलेल्या रणांगणावर आपली पलटण ओळखायची कशी? उत्तर अस्तरात होते. प्रत्येक पलटणीच्या कोटाला वेगळ्या रंगाचे अस्तर असे. बाहीचे टोक उलटे दुमडले, छातीवरचे पदर मागे वळवले, खालचे सोगे वर अडकवले, की ते अस्तर चारी बाजूंनी दिसे. या दुमडलेल्या भागांना 'फेसिंग' म्हणू लागले, आणि फेसिंगचा रंग हीच पलटणीची ओळख झाली.

६/
एक गमतीची गोष्ट. १७४०च्या दशकात युरोपातल्या लढाईत दोन इंग्रज पलटणी अशा होत्या की दोहोंच्या कर्नलांचे आडनाव हॉवर्ड. त्या काळी पलटण कर्नलाच्या नावाने ओळखली जाई. मग गोंधळ टाळायला एकीला तिच्या हिरव्या फेसिंगवरून 'ग्रीन हॉवर्ड्स' म्हटले, आणि दुसरीला फिकट पिवळसर फेसिंगवरून 'बफ हॉवर्ड्स'. पहिलीचे टोपणनाव १९२० मध्ये अधिकृत नावात सामील झाले आणि २००६ मधल्या विलीनीकरणापर्यंत चालले. सुरुवातीच्या अस्तराच्या रंगाने एका पलटणीला अडीचशेहून अधिक वर्षे नाव पुरवले.

७/
ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातले हिंदी शिपाईही लाल कोट आणि फेसिंग घालून कवायत करू लागले. पुढे फेसिंगचा अस्तराशी संबंध तुटला. कॉलर आणि बाहीवर वेगळ्या रंगाचे कापड शिवले की काम भागे. १८८१च्या फेररचनेत तर लंडनने पलटणींचे बरेचसे जुने रंग पुसून सरसकट वाटणी केली: राजघराण्याशी संबंधित पलटणींना निळा, इंग्लंड-वेल्सला पांढरा, स्कॉटलंडला पिवळा, आयर्लंडला हिरवा. पलटणींनी कुरकुर केली आणि पुढे काहींनी आपले जुने रंग परत मिळवलेही. ज्या रंगाखाली आजोबा लढले तो कारकुनाने एका सहीने बदलावा, हे कोणत्या शिपायाला रुचेल?

गणवेशातल्या अस्तरात स्वतःची निवड मात्र कुठेच नव्हती. तो रंग शिपायाचा नव्हता, पलटणीचा होता.

८/
राजसत्तेच्या उदाहरणासाठी जपानला जावे लागते. येथेच अस्तराचा इतिहास सर्वांत रंजक होतो, आणि पुढे सर्वांत कडूही.

१६०३ पासून १८६८ पर्यंत जपानवर तोकुगावा घराण्याच्या शोगुनांची सत्ता होती. समाज जन्मावर बांधलेला. वर सामुराई, मग शेतकरी, कारागीर आणि तळाशी व्यापारी. व्यापारी स्वतः काही पिकवीत नाही, घडवीत नाही, म्हणून शेवटचा. या उतरंडीच्याही बाहेर, तिच्या खाली, कातडे कमावणे आणि मेलेली जनावरे ओढणे यांसारखी कामे माथी मारलेले समाज होते. मराठी वाचकाला ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही.

९/
शांततेच्या काळात व्यापारी गबर झाले आणि सामुराई त्यांचे कर्जदार. पैसा तळाशी आणि मान शिखरावर, अशी विचित्र अवस्था आली. तेव्हा शोगुनशाहीने कपड्यांवर फर्माने काढायला सुरुवात केली. १६८३च्या फर्मानाने स्त्रियांच्या वस्त्रांवर जरीकाम, भरतकाम आणि अंगभर बारीक बांधणी यांना मनाई केली. जांभळा आणि करडईच्या फुलांपासून निघणारा गर्द लाल, हे मोलाचे रंग सामान्यांच्या आवाक्याबाहेर ठेवले गेले.

फर्माने कागदावर राहत नसत. १६८१ मध्ये एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, इशिकावा रोकुबेई या व्यापाऱ्याची पत्नी शोगुन त्सुनायोशीची स्वारी पाहायला नटूनथटून उभी राहिली. तिचा थाट शोगुनाच्या नजरेत भरला. चौकशी झाली, आणि पायरी सोडून ऐश्वर्य मिरवल्याबद्दल घराण्याची मालमत्ता जप्त करून त्यांना शहराबाहेर हाकलले. १७०५ मध्ये ओसाकाच्या योदोया या अतिश्रीमंत घराण्यावरही अशीच कुऱ्हाड कोसळली. सामुराई सरदारांनी त्या घराण्याकडून घेतलेली प्रचंड कर्जे जप्तीबरोबर बुडाली, हा सरकारी नीतिमत्तेचा जोडलाभ म्हणावा.

१०/
यावर शहरी व्यापाऱ्यांनी जो मार्ग काढला, त्याला जपानीत शब्द आहे: 'उरामासारी'. 'उरा' म्हणजे आतली बाजू, अस्तर. 'मासारी' म्हणजे वरचढ ठरणे. बाहेरच्यापेक्षा अस्तर सरस.

किमोनोवर पुरुष 'हाओरी' नावाचा कोटासारखा झगा घालीत. बाहेरून तो काळा, तपकिरी किंवा राखाडी. फर्मान वाचून दाखवायला आलेल्या अंमलदारानेही शाबासकी द्यावी असा. अस्तर मात्र रेशमाचे. त्यावर चितारलेले डोंगर, वाघ, लाटा, नाटकातले प्रसंग. मैफलीत किंवा चहाघरात हाओरी खांद्यावरून उतरवताना क्षणभर ते अस्तर झळके, आणि ज्याला कळायचे त्याला कळे. स्त्रियांच्या किमोनोंच्या आत करडईने रंगवलेल्या लाल रेशमाचे, 'मोमी'चे, अस्तर असे. त्याने अंगात ऊब राहते अशी समजूत होती. बाहेर जो रंग मिरवायचा नाही, तो आत अंगाशी.

११/
बंधनाने चवही घडवली. तपकिरी आणि राखाडी एवढेच रंग बिनधोक उरले, तेव्हा रंगाऱ्यांनी त्यांच्याच छटा वाढवल्या. 'अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर राखाडी' असा वाक्प्रचार रूढ झाला. कित्येक तपकिरी छटांना काबुकीच्या लाडक्या नटांची नावे मिळाली. 'दांजूरो तपकिरी' अजूनही रंगांच्या यादीत आहे. वरून साधे, आतून उंची, आणि उंची असल्याचा गाजावाजा नाही, या वृत्तीला 'इकि' म्हणू लागले. १९३० मध्ये कुकी शूझो या तत्त्ववेत्त्याने त्या एका शब्दावर पुस्तक लिहिले.

१८४१ ते १८४३ या काळात मिझुनो तादाकुनी या मंत्र्याने काटकसरीची आणखी एक कडक लाट आणली. त्या लाटेत १८४२ मध्ये सातवा इचिकावा दांजूरो हा काबुकीचा सम्राटच उधळपट्टीच्या आरोपाखाली एदोतून हद्दपार झाला. नट हद्दपार झाला. त्याच्या घराण्याच्या नावाची तपकिरी राहिली, कारण तपकिरीवर बंदी नव्हती.

१२/
फॅशनच्या पुस्तकांत ही कथा बहुधा येथे थांबते. सत्तेने बाहेरचा रंग हिरावला, जनतेने आत फुलवला; कल्पकतेचा विजय असो. कथा सुरेख आहे. पण 'जनता' म्हणजे कोण, हे तिथे विचारलेले नसते.

रेशमी अस्तर परवडायला आधी पैसा लागतो. ते कोणाच्या तरी कौतुकाच्या नजरेसमोर उलगडायला बरोबरीचे सवंगडी लागतात, चहाघरात बसायला जागा लागते. उरामासारी ही ज्यांच्याकडे मानाखेरीज सारे काही होते त्यांची युक्ती. उतरंडीच्या बाहेर ढकललेल्या माणसांचे काय?

१३/
त्यांचे उत्तर ओकायामा संस्थानाच्या इतिहासात आहे. १८५५ मध्ये तिथल्या दरबाराने काटकसरीचा हुकूम काढला. त्यातली शेवटची कलमे खास बहिष्कृत समाजांसाठी होती, ज्यांच्या वंशजांना आज बुराकुमिन म्हणतात. कलमांचा आशय असा: या लोकांनी यापुढे नक्षी नसलेले कपडेच घालावेत, आणि तेही दोनच प्रकारे रंगवलेले. एक निळीने, दुसरे 'शिबु'ने, म्हणजे कच्च्या तुरट पर्सिमॉन फळाच्या रसातून निघणाऱ्या तपकिरीने.

वरवर पाहता हे व्यापाऱ्यांवरच्या बंधनांसारखेच वाटते. फरक मोठा आहे. व्यापाऱ्याला सांगितले होते, श्रीमंत दिसू नकोस. यांना सांगितले गेले, लांबून ओळखू यायला हवे तुम्ही कोण आहात ते.

१४/
गावोगाव बैठका झाल्या. अर्ज लिहिले गेले. त्यांतला युक्तिवाद सरळ होता: आम्हीही जमीन कसतो, सारा भरतो, सांगितलेली चाकरी करतो, मग आम्हांलाच वेगळे वस्त्र का? अर्ज परत आले. तेव्हा १८५६च्या उन्हाळ्यात पन्नासाहून अधिक गावांतले सुमारे दीड हजार लोक एकत्र निघाले आणि संस्थानाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर जाऊन त्यांनी अर्ज घ्यायला लावला. इतिहासात या उठावाला 'शिबुझोमे इक्की' म्हणतात, शिबुच्या रंगाविरुद्धचा उठाव.

हुकूम कागदावर राहिला, अमलात आला नाही. किंमत पुढाऱ्यांनी मोजली. बारा जणांना तुरुंगात टाकले. त्यांतले सहा तिथेच मेले.

त्यांच्यातल्या कोणी 'वरून शिबु घालू, आतून रेशीम लावू' असे म्हटले नाही. ज्याला बाहेरच्या रंगानेच कलंकित करायचे ठरले आहे, त्याला अस्तराची मुभा देऊन काय उपयोग?

१५/
हाच प्रश्न महाराष्ट्रात एकाहत्तर वर्षांनी उभा राहिला. डिसेंबर १९२७. महाडच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत. तिथे त्यांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले, आणि त्यात वस्त्राचा विषय थेट काढला. गुडघ्यापर्यंत लुगडे नेसण्याची पद्धत, हातागळ्यातले जाडजूड चांदी-कथलाचे दागिने, ही सगळी अस्पृश्यतेची ओळखचिन्हे आहेत. ती टाका आणि इतर स्त्रिया नेसतात तसे लुगडे नेसा, असा त्या सांगण्याचा आशय होता.

ओकायामाचे शेतकरी आणि महाडच्या स्त्रिया यांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. दोघांनाही कळले होते ते एकच: जातीची खूण बाहेरच्या पदरावर असते आणि झगडाही तिथेच द्यावा लागतो.

१६/
बाबासाहेबांचा सूट याच ओळीत वाचायला हवा. गावोगावच्या पुतळ्यांतला तो निळा सूट, टाय, खिशाला पेन. 'एवढा साहेबी पोशाख कशाला?' असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही अधूनमधून विचारला जातो. गांधींनी अंगावरचे कपडे कमी केले, कारण त्यांच्याकडे टाकण्याजोगे काही होते. ज्याच्या पूर्वजांना धड वस्त्र घालण्याची मोकळीक नव्हती, त्याने पूर्ण सूट घालून सभागृहात शिरणे, हे वेगळे विधान आहे. त्या सुटाचे अस्तर कोणत्या रंगाचे होते, हे कोणी विचारीत नाही. विचारण्याचे कारणही नाही. त्याला जे म्हणायचे होते ते सारे बाहेरच्या बाजूवर लिहिलेले होते.

१७/
पुन्हा जपानकडे, कारण सूट आणि अस्तर यांची भेट तिथे झाली. १८६८ मध्ये शोगुनशाही कोसळली. १८७१ मध्ये बहिष्कृत समाजांवरची कायदेशीर बंधने रद्द झाली. सामाजिक बंधने कायद्याने जातात तेवढीच गेली. १८७२ मध्ये सरकारने समारंभाचा अधिकृत पोशाख म्हणून पाश्चात्त्य पेहराव ठरवला. हळूहळू कचेऱ्या गडद कोटांनी भरल्या. बिझनेस सुटाला जपानीत 'सेबिरो' म्हणतात. हा शब्द लंडनच्या शिंप्यांच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरून आला, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती सर्वमान्य नाही, पण ऐकायला गोड आहे.

आता शोगुन नव्हता, फर्मान नव्हते, तरी बाहेरचा रंग पुन्हा ठरलेलाच: गडद निळा, करडा, काळा. फर्मान काढणारा बदलला, एवढेच. आणि आतल्या बाजूची जुनी सवयही टिकली. जपानी शिंपी आजही कोटाच्या आतल्या खिशापाशी मालकाचे आडनाव रेशमाने भरतात. सॅव्हिल रोवरही आतल्या खिशात गिऱ्हाइकाचे नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी शिवण्याची रीत आहे.

१८/
दडलेले अस्तर म्हणजे नेहमी बंडखोरीच, असे मात्र समजू नये. १९३०च्या दशकातल्या हाओरींची अस्तरे संग्रहालयांत पाहायला मिळतात. बाहेरून तोच गंभीर काळा झगा. आत बाँबफेकी विमाने, रणगाडे, युद्धनौका. चीनवर चाललेल्या आक्रमणाचा अभिमान गृहस्थांनी स्वखुशीने अंगाशी बाळगला होता. ज्या जागेत आजोबांनी सरकारला चकवले, तिथेच नातवांनी सरकारला बोलावून बसवले.

१९/
अस्तराच्या कापडाचा एक धागा शेतातून येतो. १९३१ पासून जपानमधल्या नोबेओका या शहरात असाही कासेई या कंपनीने 'बेंबर्ग' तयार करायला घेतले. आज उंची सुटांत अस्तर म्हणून हेच मिरवते, आणि जगात ते बनवणारी आता हीच एक कंपनी उरली आहे. तंत्र मूळचे जर्मन. कच्चा माल म्हणजे कापूस पिंजून काढल्यावर सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू. सूत काढायला ते निरुपयोगी. रसायनांत विरघळवून त्यांचा रेशमासारखा झुळझुळीत धागा होतो. विदर्भात सरकी म्हणजे ढेप आणि तेल. तिच्यावरची लव कुण्या बँकरच्या कोटाच्या आत जाऊ शकते, हे कापूस विकणाऱ्याच्या गावीही नसते.

२०/
लंडनमध्ये बराच काळ 'सभ्य' अस्तर म्हणजे कापडाच्या रंगाचेच. १४ फेब्रुवारी १९६९ रोजी टॉमी नटर याने सॅव्हिल रोवर दुकान उघडले आणि तिथल्या मरगळीला धक्का दिला. बीटल्सच्या 'ॲबी रोड'च्या मुखपृष्ठावर चौघांपैकी तिघांचे सूट त्याचे आहेत. पॉल स्मिथने साध्या सुटाच्या आत भडक रंग हीच आपली ओळख केली. आणि घानाहून आलेल्या आईबापांच्या पोटी लंडनमध्ये जन्मलेला ओझवाल्ड बोटेंग १९९५ मध्ये सॅव्हिल रोच्या तोंडाशी दुकान थाटून बसला. त्याच्या कोटांची झगझगीत अस्तरे गाजली.

त्यानंतर कॉन्ट्रास्ट अस्तर ही बाजारपेठेची वस्तू झाली. आता तयार सुटांतही 'आपले व्यक्तिमत्त्व दाखवा' म्हणून लाल किंवा फुलाफुलांचे अस्तर घालून देतात. हजार कोटांना एकच बंडखोरी. उरामासारीतला धोका गेला, की उरतो तो नमुना.

२१/
एवढे सांगून झाल्यावर निळ्या सुटाचे काय करावे, हे न सांगणे अन्यायाचे होईल.

रंगाआधी कापड पाहावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पूर्ण पॉलिएस्टरचे अस्तर म्हणजे अंगावर प्लास्टिकची पिशवी. बेंबर्ग किंवा व्हिस्कोस घ्यावे, आणि पाठ अर्धी मोकळी ठेवून अर्धेच अस्तर लावायला सांगावे. फिकट सुटाला गडद अस्तर घालू नये, ते आरपार दिसते आणि कोट मळका वाटतो. गडद सुटाला हवे ते चालते. अस्तर दिसण्याचे प्रसंग मोजके: खिशातून पेन काढताना, कोट खुर्चीच्या पाठीवर टाकताना, वाऱ्याने मागची चीर उघडली तर. कोर्ट, बँक, मुलाखत येथे हे प्रसंग पहिल्या पाच मिनिटांतच येतात. पण कोटाच्याच रंगकुळातली, दोन छटा इकडे-तिकडे असलेली मरून किंवा बाटलीहिरवी कोणत्याही मुलाखतीत खपते. लग्नाच्या कोटाला हा हिशोब लागू नाही.

२२/
आणखी एक गोष्ट शिंपी आपणहून क्वचितच सांगतो. चांगले लोकरी कापड वीस-वीस वर्षे टिकते. अस्तराचे आयुष्य त्याच्या निम्मेही नसते. ते आधी बगलेत विरते, मग आतल्या खिशाच्या कडेला, जिथे रोज हात जातो तिथे. तेव्हा कोट टाकून देण्याचे कारण नाही. सगळे अस्तर उसवून नवे घालता येते, फक्त ते काम नव्या शिलाईपेक्षा किचकट, म्हणून शिंपी टाळतात. जपानात उलटेही घडले आहे. हाओरीचे बाहेरचे काळे कापड झिजून गेले आणि आतली चितारलेली रेशमी अस्तरे तेवढी उसवून जपून ठेवली गेली. संग्राहक आज ती सुटी विकत घेतात, आणि त्यांतल्या पुष्कळांवर शिवणीची भोके अजून दिसतात.